दीपस्तंभाच्या पायऱ्या

सकाळचा चहा आटोपून काकू मासे साफ करत होत्या, तोच दार वाजलं. दारात गाईड आणि मागे सहा पाहुणे.

"काकू, दीपस्तंभ बघून आलो. पोटात कावळे ओरडतायत."

"त्यांना आधी गप्प करू," म्हणत काकूंनी कंबर कसली. त्यांच्या हातचा माशांचा रस्सा खाल्ल्याशिवाय गावातून प्रवासी परतत नसे. वाढता वाढता त्या नेहमीसारख्या ठासून सांगू लागल्या, "दीडशे पायऱ्या! पण वरून समुद्र कसा ताटासारखा दिसतो, नाही?"

बोटं चाटत एक आजोबा म्हणाले, "अहो बाई, दोनशे बारा आहेत. मोजत चढलोय मी."

गाईड हसला. "काकू, खरं सांगा, शेवटचं कधी चढलात?"

काकूंनी आजोबांच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. वीस वर्षं पाहुणे वर असताना त्या चुलीपाशीच असत.

"एकदाही नाही," त्या बिनधास्त म्हणाल्या. "दीडशेचा आकडा सासूबाईंचा. त्याही कधी चढल्या नव्हत्या!"

हशा ओसरल्यावर त्या गाईडकडे वळल्या. "उद्या पाहुण्यांना आधी जेवायला आण. मग त्यांच्याबरोबर मलाही वर घेऊन चल."