बायबलबाईंची एक साक्ष

"तिकडं भूम गावाला लई पाऊस झाला म्हणं," असं कुणी बोललं की बायबलबाई लगेच विचारायच्या, "तू भिजलास का?" भिजला नसेल तर त्या बातमीला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. बाईंना दुरून येताना पाहिलं की पारावरचे म्हातारे मुद्दाम ओरडायचे, "बाई, म्या भिजलो न्हाय, पर पाऊस झाला बरं का!" बाईही हसायच्या.

कळंबपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर आमचं गाव. निजामाचा अंमल होता. सभा भरवायची तर परवानगी लागायची, म्हणून चावडीपुढचा उपदेश बंद पडला होता. मिशननं घरोघर शास्त्र वाचून दाखवायला नेमलेल्या या विधवा बाईंनी मग आम्हा ख्रिस्ती वस्तीतल्या पोरापोरींना हाताशी धरलं. उपासनेनंतर चिंचेखाली बसवून त्या शिकवायच्या, की आपल्या दोस्ताला येशू कसा सांगायचा. एकानं दोस्त व्हायचं आणि दुसऱ्यानं साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. दोस्त झालेला पोरगा हटकून विचारायचा, "तुमचा देव मराठी बोलतो व्हय रं, का इंग्रजी?" हशा पिकायचा. बाई म्हणायच्या, "हसू द्या त्याला. हसतोय म्हंजी बसलाय. उठून गेला न्हाय."

"दोस्ताची शेळी हरवली तर आधी शेळी हुडकू लागा, देव मागनं सांगा," असं त्या बजावायच्या. आणि साक्षीबद्दल त्यांचा एकच हट्ट असायचा: "अर्धी देऊ नका. अर्धी साक्ष लबाडीपरीस वाईट."

माझी साक्ष तापाची होती. हिवतापानं मी मरायला टेकलो होतो, वस्तीनं प्रार्थना केली आणि मी उठलो. चिंचेखाली मी हे रंगवून सांगितलं, तेव्हा बाईंनी बोट वर केलं. "आन् कोयनेल?" सगळे खदखदले. दवाखान्यातल्या त्या कडू गोळ्या बाईंनीच नाक दाबून मला गिळायला लावल्या होत्या. "गोळीबी देवाचीच हाय, दानी. ती गाळू नको."

मी गाळली. शिवा माझा जिवाचा दोस्त, लिंगायत वाण्याचा मुलगा. ओढ्याकाठी गुरं चारताना मी त्याला साक्ष दिली आणि कोयनेलचं नाव काढलं नाही. गोळीवाचून देव मोठा दिसत होता. एरवी माझ्या प्रत्येक गोष्टीवर दात काढणारा शिवा त्या दिवशी हसला नाही. "नुसत्या प्रार्थनेनं?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "नुसत्या."

पावसाळा सरता सरता त्याच्या धाकट्या बहिणीला, गौरीला, ताप भरला. वडिलांनी कळंबहून कोयनेलच्या गोळ्या आणल्या. पोर गोळी घ्यायची ती फक्त भावाच्या हातून. शिवानं गोळ्या बैलांच्या गव्हाणीत टाकल्या आणि डोळे मिटून प्रार्थना केली, मी शिकवली होती तशी. गौरी गेली.

तिची माती झाल्यावर वडिलांना गव्हाणीत त्या गोळ्या सापडल्या. ते चाबूक घेऊन शिवाला मारत सुटले. मी धावत बाईंकडे गेलो आणि रडत सगळं सांगितलं. बाई तशाच अनवाणी निघाल्या, मी त्यांच्या मागं. आमच्या वस्तीतल्या माणसानं वाण्याच्या दाराबाहेरूनच बोलायचं, असा रिवाज होता. बाई थेट अंगणात शिरल्या आणि चाबकापुढं उभ्या राहिल्या.

"पोराला मारू नका, आप्पा. गोळ्या टाक म्हून म्याच सांगितलं त्याला."

चाबूक थांबला. शिवाची आई ओट्यावरून खाली आली. "तुमी? तुमाला लेकरू न्हाय म्हून?" एवढंच ती बोलली. बाईंनी मान खाली घातली. शिवा माझ्याकडे बघत होता. मी भिंतीला टेकून उभा होतो, आणि उभाच राहिलो.

गावानं बाईंना निघून जायला सांगितलं. मिशनच्या साहेबांपुढंही त्यांनी तेच सांगितलं, तेव्हा त्यांची नेमणूकही गेली. बाई गाडीत बसत होत्या तेव्हा मी म्हणालो, "बाई, तुम्ही खोटं का..." त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. "गप. त्या लेकराला आईबाप पायजेत, आन् दोस्तबी. जा त्याच्याकडं."

मी गेलो. पुढं रझाकारांचे दिवस आले, निजाम गेला, शिवा दुकानावर बसू लागला, मी मास्तर झालो. दोस्ती टिकली. आम्ही पिकाबद्दल बोलायचो, पोरांच्या शाळेबद्दल बोलायचो. गावात मात्र बाईंचं नाव 'गौरीला खाल्लेली बाई' असं पडलं. रडणाऱ्या लेकरांना आया त्या नावानं भीती घालायच्या, आणि मी ऐकून पुढं चालायचो. बाई वारल्याचं कानावर आलं, तेव्हाही तसंच. एकदा शिवाजवळ विषय काढला. तो म्हणाला, "आई हाय तवर नको, दानी." मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची लाज अजून जात नाही.

आमच्या ख्रिस्ती मंडळीतली पोरं आता माझ्यापुढं बसतात, दोस्तांना येशू कसा सांगावा ते शिकायला. बोलता बोलता मला वाण्याच्या अंगणातली ती अनवाणी पावलं दिसतात आणि वाक्य तुटतं. पोरांना वाटतं, मास्तरांना वयामुळं आठवत नाही.

यंदा शिवाची आई वारली. भेटायला गेलो, तर तो दुकानाच्या पायरीवर बसला होता. सरकून त्यानं मला शेजारी जागा करून दिली. मग म्हणाला, "बाईंना कुठं पुरलं रं? एकडाव दोघं जाऊन येऊ."

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी कुणाला विचारलंच नव्हतं.