अहो, लावू?

माझ्या सासऱ्यांचा मला राग येतो. हे वाक्य आधीच लिहून टाकते, म्हणजे वडीलधाऱ्यांबद्दल असं लिहितात का, हे शिकवायला पुढे कुणी येणार नाही. ते अजून आहेत, ठणठणीत आहेत, आतल्या खोलीत पेपर वाचत बसलेत. मी हे लिहितेय ते त्यांना कळलं तर वाईट वगैरे वाटणार नाही. शुद्धलेखनाच्या चुका काढतील.

लग्न होऊन मी या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशीची सकाळ. कात्रजच्या अलीकडे, नोकरदार लोकांनी मिळून केलेल्या एका जुन्या सोसायटीतलं हे बैठं घर. मी टॉवेल घेऊन बाथरूमपाशी गेले, गीझरचं बटण दाबलं आणि हॉलमधून आवाज आला.

"कोणी लावला?"

मला वाटलं टीव्हीबद्दल काहीतरी चाललंय. परत आवाज आला, "गीझर कोणी लावला?"

"मी."

"विचारलंस?"

काय विचारायचं आणि कुणाला, काही कळेना. तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत लगबगीने आल्या. त्यांनी बटण बंद केलं, बोट बटणावरच ठेवलं आणि हॉलच्या दिशेने म्हणाल्या, "अहो, लावू?"

हॉलमध्ये पेपरचं पान उलटलं. मग उत्तर आलं, "लाव."

त्यांनी तेच बटण परत दाबलं. तोच गीझर, तेच पाणी. मला हळू आवाजात म्हणाल्या, "असं विचारायचं असतं गं. दिवे मंद होतात ना."

दिवे मंद होत होते हे खरं. हॉलमध्ये बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, खुर्चीच्या बरोबर वर एक पिवळा बल्ब होता. गीझर लागला की तो एकदम उतरायचा, आणि गीझर बंद झाला की परत चढायचा. बाबा एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, आणि या घराची वायरिंग त्यांनी स्वतःच्या हाताने केली होती. घर जुनं, वायर जुनी, लोड झेपत नाही, असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात खुर्चीत बसून समजावलं. म्हणून घरात नियम होता. गीझर, मिक्सर, इस्त्री, काहीही लावायचं तर आधी विचारायचं. ते 'लाव' म्हणतील किंवा 'थांब' म्हणतील. 'थांब' म्हटलं तर थांबायचं. किती वेळ ते सांगितलं जायचं नाही, आणि का ते तर नाहीच.

सुरुवातीला मला हे पटलं, हे आज लिहिताना माझीच मला लाज वाटते. मी पण विचारू लागले. "बाबा, लावू?" कुकरची शिट्टी होतेय, एका हातात मिरच्या, दुसरा हात मिक्सरच्या बटणावर, आणि मी एका पुरुषाच्या होकाराची वाट बघत उभी. एम. कॉम. झालेली मुलगी.

मग हळूहळू काही गोष्टी दिसायला लागल्या. बाकी घरात एलईडी दिवे आले, पण बाबांच्या खुर्चीवरचा पिवळा बल्ब हलला नाही. तसले बल्ब मिळेनासे झाले तेव्हा त्यांनी बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांतून शोधून शोधून आणले आणि आपल्या कपाटात कपड्यांखाली ठेवले. मी एकदा म्हटलं, "बाबा, तिथेही एलईडी लावू या की. तो असा मंद होत नाही." ते म्हणाले, "म्हणूनच नको." मला वाटलं विनोद केला.

विनोद नव्हता. त्या बल्बाकडे बघून त्यांना घरातलं सगळं कळायचं. जरासा थरथरला की मिक्सर. थोडा उतरला आणि मधूनमधून सावरला की इस्त्री. धाडकन उतरला की गीझर. ते खुर्चीत बसून, पेपरमधून डोकंही वर न काढता म्हणायचे, "आज दोनदा न्हायचा मुहूर्त आहे वाटतं." किंवा, "एवढी कसली इस्त्री? लग्नाला निघालात?" या घरात एक साडीसुद्धा गुपचूप इस्त्री करता येत नव्हती. बल्ब चुगली करायचा.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, याचं काही वाटत नव्हतं. त्या तशा घट्ट बाई आहेत. भाजीवाल्याला गप्प करतात, सोसायटीच्या सभेत चेअरमनला उभं-आडवं घेतात. पण बटणापाशी आल्या की आवाज वेगळा. बाबा एकदा सकाळी बँकेत गेले होते. हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. तरी आईंनी बटणावर बोट ठेवलं, "अहो, लावू?" म्हणाल्या, एक क्षण थांबल्या आणि मग गीझर लावला. मी मागेच उभी होते. त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी तेव्हाच ठरवलं की काहीही होवो, या घरात बायकांनी बटण दाबायला परवानगी मागायची नाही. मी नाही, आणि आईंनी तर नाहीच.

ठरवलं, पण केलं काही नाही. नवऱ्याला सांगितलं. तो हिंजवडीला जातो, सकाळी सातला घराबाहेर पडतो, त्याचं आंघोळीचं पाणी आई 'लावू?' म्हणून आधीच तयार ठेवतात. तो म्हणाला, "अगं, एक शब्द बोलायला काय जातं? बाबांचं सोड ना." त्या दिवशी मी त्याच्याशी भांडले आणि भांडण आमच्या दोघांचं झालं, बाबा तसेच खुर्चीत.

एकदा माझी आई साताऱ्याहून राहायला आली. तिला पहाटे चहा लागतो. कुणाची झोपमोड नको म्हणून तिने आपली आपण विजेची किटली लावली. बाबा पहाटेच उठून खुर्चीत बसलेले. "कोण आहे? कोणी लावलं?" माझी आई पासष्ट वर्षांची, एका शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. ती पदर सावरत हॉलच्या दारात गेली आणि म्हणाली, "चुकलं हो माझं. विचारायचं असतं ते मला माहीत नव्हतं."

बाबा म्हणाले, "असू दे. नवीन माणसाचं होतं असं."

पुढचे चार दिवस माझी आई चहाला कुणीतरी उठायची वाट बघत पलंगावर बसून राहिली. हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

त्यानंतर मी ओव्हन आणला. नोकरी सोडली होती, केक चांगले व्हायचे, सोसायटीतून, मग बाहेरूनही ऑर्डरी यायला लागल्या. ओव्हन घरात आला तेव्हा बाबांनी त्याच्या मागे जाऊन पाटीवरचे वॅट वाचले आणि नुसतं "अरे वा" म्हणाले. आता माझी विचारणा वाढली. एका ऑर्डरच्या दिवशी मिश्रण तयार, भांड्यात ओतलेलं. मी विचारलं, "बाबा, लावू?"

"थांब."

मिश्रण एकदा कालवलं की त्याला थांबता येत नाही. मी पाच मिनिटांनी विचारलं, दहा मिनिटांनी विचारलं. ते बातम्या बघत होते आणि बल्ब उतरला की टीव्हीही लुकलुकायचा. बातम्या संपल्यावर 'लाव' मिळालं. केक मधोमध खचला. तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच केकचा मोठा तुकडा कापून त्यांच्यासमोर नेऊन आदळला. त्यांनी शांतपणे खाल्ला. म्हणाले, "चव छान आहे. जरा बसलाय."

पुढच्याच आठवड्यात ते दोघं खडकवासल्याला एका लग्नाला गेले आणि मी वायरमन बोलावला. आंबेगावातला, पन्नाशीचा माणूस. त्याने स्वयंपाकघरातला बोर्ड उघडला, बॅटरी मारली आणि बराच वेळ आत बघत बसला.

"ताई, ही वायरिंग कुणी केली?"

"सासऱ्यांनी. का? फार जुनी झालीय का?"

"जुनी हाय, पण बेस हाय. हे बघा." त्याने दोन बोटांनी एक जाड वायर बाहेर ओढली. टोकाला काळी टेप नीट गुंडाळलेली. "किचन-बाथरूमची ही खरी लाईन. मेनपासून सरळ आलीय. ती काढून ठेवलीय, आन् सगळा लोड हॉलच्या बल्बाच्या वायरीवर टाकलाय. एवढीशी ती वायर. मग बल्ब डिम व्हनारच की."

"म्हणजे चूक झाली त्यांची?"

तो हसला. "चूक नाय ही. मानूस माहीतगार हाय. टेप बघा कशी मारलीय."

अर्ध्या तासात त्याने ती जाड वायर जोडली. मी ओव्हन लावला, गीझर लावला, मिक्सर रिकामाच फिरवला. हॉलमध्ये जाऊन बघितलं. बल्ब ढिम्म हलला नाही. आईंनी सदतीस वर्षं ज्यासाठी विचारलं ते हे एवढंच होतं, आणि भिंतीच्या आत सगळा वेळ तयार होतं. मी त्या रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहून रडले, आणि ते रडणं सगळं रागाचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी विचारलं, "अहो, लावू?"

"लाव."

बाबा पेपर वाचत होते. थोड्या वेळाने त्यांनी वर बघितलं. मग चष्मा काढून परत वर बघितलं. "लावलास का?"

"हो, केव्हाच."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी होते, याचसाठी उभी होते. म्हटलं, "ती जाड वायर तुम्हीच टेप मारून ठेवली होती ना?"

"हो."

"का?"

"माझ्या घरात काय चालू आहे ते मला कळायला नको?" आवाज अजिबात चढलेला नव्हता. त्यांनी पेपरची घडी घातली, उठले आणि आतल्या खोलीत गेले. त्या दिवसापासून ते हॉलमध्ये बसत नाहीत. मला वाटलं होतं आई काहीतरी म्हणतील. निदान आज तरी त्यांच्यावर भडकतील. त्यांनी गीझर बंद केला आणि म्हणाल्या, "आता त्यांना करमायचं नाही."

मी त्यांना म्हटलं, "आई, आता कुणाला विचारायचं नाही. बटण दाबायचं आणि मोकळं व्हायचं." त्यांना ते जमायला दोन महिने लागले. हात बटणावर जायचा, तोंड उघडायचं, आणि मी ओरडायचे, "आई!" मग त्या दचकून बटण दाबायच्या. मला फार अभिमान वाटत होता, त्यांचा आणि त्याहून जास्त माझा.

माझं काम वाढलं. दुसरा, मोठा ओव्हन आला. दोन्ही ओव्हन चालू असताना कुणी गीझर लावला की आता दिवे मंद होत नाहीत, मीटरजवळचा मेन स्विचच पडतो. गेल्या महिन्यात एका मोठ्या ऑर्डरच्या सकाळी आईंनी आंघोळीसाठी गीझर लावला आणि सगळं घर बंद पडलं. दोन ओव्हनमधले चार केक गेले. मी जिवाच्या आकांताने ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. शेवटी म्हटलं, "आई, एवढं एक करत जा. गीझर लावायच्या आधी मला विचारत जा."

"बरं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केकवर डोळे लावून ओव्हनपुढे बसले होते. मागून आवाज आला.

"लावू?"

तोच सूर. फक्त 'अहो' नव्हतं. मी वळूनही बघितलं नाही. म्हणाले, "थांबा."

आतल्या खोलीत पेपरची सळसळ थांबली. मग बाबांचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी आपण होऊन बोलत होते.

"बल्ब देऊ का? कपाटात दोन शिल्लक आहेत."

मी तेव्हा मागे बघितलं. आई बाथरूमच्या दारात, खांद्यावर टॉवेल, बोट बटणावर ठेवून उभ्या होत्या. रागावलेल्या नव्हत्या, वाट बघत होत्या. केकला अजून बारा मिनिटं होती, आणि मी 'लावा' म्हटलं नाही.