नळीखालची पट्टी

आज सुताराने खुर्चीच्या पायाला रेझिन लावलं आणि त्या उग्र वासासरशी यंदाच गेलेला माझा धाकटा भाऊ पुन्हा शहाद्याच्या ओसरीवर येऊन बसला, मांडीवर पॉइंट टू-टू रायफल घेऊन.

एका पावसाळ्यात त्याच्या रायफलीचा लाकडी दस्ता फुगून नळीला टेकला होता. गोळ्या भरकटत होत्या आणि राज्य स्पर्धेची निवड तोंडावर आली होती. त्याने सागाचा नवा दस्ता घडवला आणि आत रेझिन भरून रायफल घट्ट बसवली. नळी मात्र लाकडापासून सुटी हवी होती. ते पाहायला त्याने माझ्या पुस्तकातली खुणेची पट्टी ओढली आणि नळीखालून सरकवली. ती मध्येच अडकली. त्याने तिथलं लाकूड हलकेच घासलं. मग पट्टी टोकापर्यंत गेली, तेलाने काळी होऊन.

"देख ताई, आते कशी सुटी व्हयनी!"

"आनि मन्हं पान हारपनं ना!"

"मंग पहिलेपाईन वाच. तुले दुसरं काम काय शे?"

मी दिवसभर रुसले होते.

निवड होऊन तो परतला, तेव्हा त्याने लक्ष्याच्या कागदाची एक पट्टी कापून माझ्या हातात ठेवली. सगळ्या गोळ्या एकाच भोकातून गेल्या होत्या.

अजून तीच माझी खूण आहे. पानावर ठेवली की भोकातून एखादाच शब्द दिसतो. हल्ली मी तेवढाच वाचते आणि पुस्तक मिटते.