गच्चीवरची ज्वारी

सोसायटीच्या मीटिंगमध्ये पहिलाच विषय होता: गच्चीवर कबुतरांना दाणे टाकणं बंद करणे. सेक्रेटरी मी, आणि दाणे टाकणारी माझी आई.

गुडघ्यांच्या उपचारासाठी ती खानदेशातल्या गावाहून सुरतला आली आणि राहिलीच. दादा दरवर्षी शेतातली ज्वारी पाठवतो. आमच्या घरात भाकरी क्वचितच होते, म्हणून उरलेली ज्वारी आई उजाडताच पाखरांना टाकायची. पावसाच्या पाण्याबरोबर विष्ठा पाइपातून खाली बदामाच्या झाडाशी जायची. बुंध्याजवळचं गवत जळालं होतं, जरा पुढे तण कमरेएवढं माजलं होतं. बदामाची पानंही कडांनी करपू लागली होती.

ते पाहताना मला गावचं शेत आठवलं. तिथल्या मातीचा कस दाण्यांतून इथे येत होता आणि एका कोपऱ्यात साचत होता. तिकडे दादा युरियाच्या गोण्या आणत होता.

मीटिंगमध्ये ठराव झाला. मी वर येऊन म्हणालो, “आई, दाणे बंद करावे लागतील.”

“कर बंद. आणि मी सकाळी उठून काय करू, तेही लिहून दे एका कागदावर.”

मग जमतं ते केलं. तोंडाला फडकं बांधलं, पाणी शिंपडून विष्ठा खरवडली, सुक्या पाल्यात मिसळून कुजवली. खत तयार झाल्यावर गोणी गाडीत टाकली आणि आईला घेऊन गावी गेलो.

गोणी पाहून वहिनी लगबगीने पुढे आल्या. “भाऊजी, एवढ्या साड्या?”

“तुमचीच ज्वारी आहे,” आई म्हणाली. “कबुतरांनी पचवून दिलीय.”

वहिनी दोन पावलं मागे सरकल्या. दादा हसत सुटला.

खत वांग्यांच्या वाफ्यांत गेलं. आईने स्टुलावर बसून ते स्वतः मातीत कालवलं. निघायच्या दिवशी तिने पिशवी भरलीच नाही. “तू जा. वांगी लागेपर्यंत थांबते मी.”

इकडे कबुतरं काही दिवस कठड्यावर ताटकळली, मग समोरच्या बिल्डिंगवर गेली. तिथे कुणीतरी गाठिये टाकतं. तिथलं झाड कोण बघणार, हा विचार मनातून जात नाही.

“येतात का रे?” आईने फोनवर विचारलं.

“नाही. समोर गेली.”

“बरं, ठेवते. लाईट आलीय, वाफ्यांना पाणी सोडायचंय.”