मिठाने ॲसिड वाढतं

"तुझी आई हॉस्पिटलात बाटल्याच धुते ना? मग तुला साधा बीकर धुता येत नाही?"

सर बोलले. आख्ख्या बॅचसमोर. गिरगावातलं कॉलेज, बीएस्सीचं दुसरं वर्ष. आई परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काचसामान धुवायची, हे त्यांना माझ्या स्कॉलरशिपच्या फॉर्मवरून कळलेलं. फॉर्मवर जातही होती.

माझा गुन्हा काय? पातळ ॲसिडमध्ये मीठ विरघळवायचं, पीएच बघायचा आणि 'फरक नाही' लिहायचं. सगळ्यांनी जुन्या जर्नलमधून तसंच उतरवलं. मी खरंच मीठ घातलं. भरपूर. मीटरचा आकडा दोनवरून खाली घसरला. आकडा उतरला म्हणजे ॲसिडचा जोर वाढला. मी तसं लिहिलं.

सरांनी पानावर लाल फुली मारली. "मीठ न्यूट्रल असतं. तुम्हा लोकांना कोट्यातून घेतलं की हे असं होतं."

मग मला बेसिनपाशी उभं करून सगळ्या बॅचचे बीकर धुवायला लावले. मागून कोणीतरी हसलं. मी धुतले. सगळे. एकही फोडला नाही. त्याचाच आजवर राग येतो.

घरी आईला सांगितलं. भाकरी थापता थापता ती थांबली.

"तुझा आकडा बरोबर होता?"

"होता."

"मग बीकर कशाला धुतलेस त्याचे?"

एवढंच बोलली. भाकरी करपली त्या दिवशी.

आठवडाभर मी लायब्ररीत बसले. जाडजूड पुस्तकात सापडलं. मीठ विरघळलं की पाणी मिठाच्या कणांभोवती गुंतून पडतं. ॲसिडच्या वाट्याला मोकळं पाणी कमी येतं. त्याचा जोर वाढतो. मीठ स्वतः आंबट नसतं, तरी आकडा उतरतो. मी बरोबर होते. पुस्तक बंद केलं आणि पहिल्यांदा रडले.

पुढच्या प्रॅक्टिकलला ॲसिडची बाटली, रिकामा बीकर आणि मीटर सरांच्या टेबलावर ठेवले.

"मीठ तुम्ही घाला, सर. बीकरही तुम्हीच धुवा."

सरांनी बीकर धुतला, ॲसिड ओतलं, मीठ घातलं. आकडा उतरला.

"मीटर बिघडलाय."

मी दुसरा मीटर आणला. त्यावरही उतरला.

"फुलीवर सही करा, सर. चूक तुमची होती असं लिहून."

"जास्त शहाणी झालीस?"

"लिहा. नाहीतर हे जर्नल प्रिन्सिपलच्या टेबलावर जाईल. तुम्ही काय बोललात तेही."

त्यांनी लिहिलं. पेन इतकं दाबून, की कागद फाटला. माफी मागितली नाही.

आज मी दादरच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीची हेड आहे. गेल्या महिन्यात प्रॅक्टिकलच्या परीक्षकांची यादी आली. त्यात त्यांचं नाव. मी खोडलं. प्रिन्सिपल म्हणाले, "मॅडम, म्हातारे झालेत ते. निदान कारण तरी लिहू नका."

मी कारण लिहिलं. 'विद्यार्थ्यांची जात काढतात.'

संध्याकाळी सरांचा फोन आला. "अगं, झालं गेलं. किती वर्षं धरून बसणार?"

"मरेपर्यंत," म्हटलं, आणि फोन ठेवला.

माफ करणं मोठेपणाचं असतं म्हणे. मला तो मोठेपणा नको. मी या खुर्चीत आहे तोवर तो माणूस माझ्या लॅबचा उंबरठा ओलांडणार नाही. आणि त्याच्यासारखा दुसरा आला, तर त्याचंही नाव मी खोडणार. कारणासकट.