मागे घेतलेली साक्ष

रानशेतला मी शिवणकाम शिकवायला जाते, त्याला आता बरीच वर्षं झाली. नवरा रेल्वेत, डहाणूला क्वार्टर, मुलं बाहेरगावी शिकायला. घरात बसून भिंतींशी किती भांडणार? म्हणून आठवड्यातून दोन दुपारी शेअर रिक्षात बसते. गाव मागे पडलं की डोळे आपोआप मिटतात. झोप नव्हे ती. दोन्ही बाजूंना ताडाची झाडं, मधे भाताची खाचरं, आणि ऊन असं मऊ की घरून निघालेली मी आणि तिथे पोचणारी मी एकच का, अशी शंका यावी. त्या सगळ्या दुपारी आठवायला बसले की एकमेकींत मिसळून जातात. एका बाईच्या तेवढ्या मिसळत नाहीत.

आम्ही ख्रिस्ती, आजोबांच्या काळापासूनचे. मला बोलायला आवडतं, आणि देवाबद्दल तर विचारूच नका. काजं-बटणं शिकवता शिकवता मी येशूच्या गोष्टी सांगायची. बायका ऐकायच्या, हसायच्या, मधेच म्हणायच्या, बाई, जरा बॉबिन भरून द्या. कुणी आपला देव सोडावा असं मी कधी म्हटलं नाही. पण मनातून वाटायचं का? वाटायचं. खोटं कशाला बोलू.

ही बाई पस्तिशीची, सडपातळ. घोलवडच्या वाडीत चिकू निवडून खोक्यांत भरायला जायची आणि काम नसेल त्या दुपारी शिवणाला यायची. नवरा बोटीवर खलाशी, वर्षातले आठ महिने समुद्रावर. घरात ती आणि दुसरीतली मुलगी. तिला खोकला लागला, वजन उतरलं, आणि तपासणीत टीबी निघाला. आरोग्य केंद्राच्या आशाताई घरी येऊन गोळ्या देऊन गेल्या, सहा महिने न चुकता घ्यायच्या म्हणून बजावून गेल्या. दुसऱ्या दिवशी ती माझ्या मशीनशेजारी बसून रडली. मला काही झालं तर पोरीचं कोण, एवढंच विचारत राहिली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली. खिडकीतून उन्हाचा पट्टा आला होता, त्यात कापडाचे बारीक धागे तरंगत होते. सगळं कसं थांबल्यासारखं झालं होतं. मी म्हणाले, विश्वास ठेव, तो तुला बरं करील. त्या घडीला मला माझाच आवाज फार गोड वाटला.

दोन महिन्यांत तिचा खोकला गेला, गाल भरले. ती हसत आली आणि म्हणाली की तुमच्या देवानं बरं केलं. मग काय, माझे पाय जमिनीला लागेनात. रविवारी चर्चमध्ये भक्तीच्या वेळी मी साक्ष द्यायला उभी राहिले. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. मी अगदी रंगवून सांगितलं. बायकांनी डोळे पुसले. गोळ्यांचं मी बोलले नाही. विसरले असं नाही हो. गोळ्या मधे आल्या की गोष्टीची रंगत जात होती.

पुढे ती यायची बंद झाली. तलासरीजवळ माहेरी गेली आहे असं कळलं, आणि मी म्हटलं, जाऊ दे, बरी झाली, चार दिवस आईकडे राहील. एक दिवस रस्त्यात आशाताईंनी मला थांबवलं. तिनं गोळ्या कधीच सोडल्या होत्या. विचारलं की घेते म्हणायची. आता खोकल्यातून रक्त पडत होतं आणि दवाखान्यात यायला ती तयार नव्हती.

सकाळची पहिली एसटी पकडून मी तलासरीला गेले, तिथून पाड्यावर चालत. ती अंगणात आंब्याखाली खाटेवर पडली होती. मुलगी पायाशी बसून चिंचोके खेळत होती. मी रागीट बाई. भीती वाटली की माझा राग आधी बाहेर येतो. पोचल्या पोचल्या तिला बोलले, अगं, अक्कल आहे का तुला, गोळ्या कशाला सोडल्यास?

ती उठून बसली. तिला राग आला नव्हता. उलट मी असं का विचारते, हेच तिला कळत नव्हतं.

"तुम्हीच म्हणालात ना, विश्वास ठेव," ती म्हणाली. "मी ठेवला. मग गोळ्या कशा घेऊ? देव म्हणंल, ही मला मानत नाय."

गोळ्या सोड असं मी म्हणाले नव्हते. हे वाक्य जिभेवर तयार होतं, आणि ते खरंही होतं. पण ती बरी होऊन आली त्या दिवशी माझ्या देवाचं नाव तिच्या तोंडून ऐकून मी इतकी सुखावले होते की गोळ्या चालू आहेत ना, एवढं साधं विचारायचं मला सुचलं नव्हतं. तिची आई दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मला मान वर करवेना.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "तुझा खोकला गोळ्यांनी थांबला होता. मी ते तुलाही सांगितलं नाही आणि लोकांनाही नाही, कारण मला मोठेपणा हवा होता. देव तुझ्या गोळ्यांवर रुसणारा नाही. चल माझ्याबरोबर."

तिनं खाटेवरून पाय खाली सोडले. मग पायात चपला सरकवल्या.

डॉक्टरांनी नव्याने तपासणी केली. औषध अजून लागू पडत होतं, पण सगळं पहिल्यापासून करायचं होतं, पुन्हा सहा महिने. मला तिथेच रडू आलं. तिनंच माझ्या हातावर थोपटलं.

पुढच्या रविवारी मी परत उभी राहिले आणि साक्ष मागे घेतली. काय लपवलं ते सांगितलं, का लपवलं तेही. कुणी डोळे पुसले नाहीत. एक बाई बाहेर गाठून म्हणाली की असं सांगितल्यानं देवाचं नाव खाली जातं. असेल. मी घरी येऊन दिवसभर नवऱ्याशी विनाकारण भांडले.

ती माहेरीच राहिली. रोज सकाळी मी तिच्या भावाच्या फोनवर फोन लावायची. पलीकडे कोंबडा आरवायचा, कुणीतरी अंगण झाडत असायचं. ती म्हणायची, बाई, घेते हं. मग पाण्याचा घोट ऐकू यायचा. हातातला चहा निवून जायचा आणि मी डोळे मिटून तो घोट ऐकायची. ती गोळी गिळली गेली की माझा दिवस सुरू व्हायचा. फोनवर मी देवाचं काही बोलायची नाही. प्रार्थना करायची, पण मनात, आणि तीही थोडक्यात.

सहा महिने झाले. तपासणीत काही निघालं नाही. ती रानशेतला परत आली, पोरीचं नाव शाळेत पुन्हा घातलं, आणि एका दुपारी पोरीच्या फ्रॉकचं कापड घेऊन माझ्याशेजारी बसली. वर्गातल्या बायकांकडून तिला काहीतरी कळलं होतं. फ्रॉकचा घेर धरता धरता तिनं विचारलं, "बाई, तुम्ही तुमच्या लोकांसमोर उभं राहून चुकलं म्हणालात, खरं का?"

मी म्हटलं, खरं.

"मग तुमचा देव रागावला नाय तुमच्यावर?"

इतकी वर्षं मी बोलत आले, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही. मी मशीन थांबवलं, कारण या वेळी खरं तेच सांगायचं होतं.

"नाही गं," मी म्हणाले. "नाही रागावला."

तिनं दातांनी दोरा तोडला आणि विचार करून म्हणाली, "मग बरा हाय तुमचा देव. सांगा बघू त्याचं काहीतरी."

मी सांगायला तोंड उघडलं, आणि मला नुसतं रडू येत राहिलं.