फटफटीपुढचा माणूस

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूध घरात आलं की मी बोट बुडवून बघते, लुगडं घेतलं की उलटं करून बघते, आणि कुणी विनाकारण गोड बोलायला लागलं की माझे कान टवकारतात. सासरी यावरून माझी पुष्कळ थट्टा झाली. होऊ दे. या स्वभावाचं मला कधी वाईट वाटलं नाही. एकच दिवस असा आला की माझा संशय खोटा निघू दे म्हणून मी देवापुढे हात जोडले.

लढाई नुकतीच संपली होती. लष्कराचं जुनंपानं सामान लिलावात निघालं आणि त्यातल्या दोन लहान फटफट्या आमच्या भागात आल्या. एक रिसोडच्या एका कंपाउंडरने घेतली, दुसरी वाशीमच्या जिनिंगवाल्या शेठच्या धाकट्या मुलाने. सायकलीला इंजिन चिकटवावं तशी ती दिसायची, पण आवाज असा की कोंबड्या सैरावैरा पळायच्या. दर बाजाराला धाकटा ती उडवत आमच्या अनसिंगला यायचा. एवढं पेट्रोल त्याला कुठून मिळायचं, देव जाणे.

आमचा भाजीचा मळा रस्त्याला लागून होता, उतार संपतो तिथे. एकदा धाकटा वांगी घ्यायला म्हणून थांबला. थांबला कसला, उतारावरून पाय घासत आला आणि पुढचं चाक सरळ माझ्या कोथिंबिरीच्या वाफ्यात. वर हसून म्हणाला, ओली माती होती, घसरली. माती कोरडी ठणठणीत होती, पाण्याची पाळी दुसऱ्या दिवशी होती. माझी कोथिंबीर तुडवणाऱ्याला मी जन्मभर विसरत नाही, म्हणून त्या दिवसापासून मी त्याच्यावर नजर ठेवली. तो चढावर कुठेही थांबायचा. उतारावर कधीच नाही. उतारावर थांबायची वेळ आलीच तर आधीपासून दोन्ही पाय जमिनीला घासत यायचा. त्याचे विलायती बूट वरून चकचकीत होते, पण पाय उचलला की तळ झिजून चिंधी झालेला दिसायचा.

त्याच हिवाळ्यात शंकरपट भरला. आमच्याकडे पट म्हणजे सण. बैलांच्या जोड्या धावतात, आणि धावण्याआधी जोडीच्या पुढ्यात एक माणूस उभा राहतो. दोन्ही बैलांच्या वेसणी हातात धरून तो त्यांना चुन्याच्या रेघेमागे थोपवतो, आणि झेंडी पडली की उडी मारून बाजूला होतो. बैल फुरफुरत असतात, जोडी हाकणारा धुरकरी मागून ओरडत असतो. तिथे उभं राहणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नाही. माझा थोरला भाऊ त्यातला वस्ताद. लांबलांबचे पाटील त्याला गाडी पाठवून बोलावून न्यायचे. आईबाप मी लहान असतानाच गेले होते. भावाने मला वाढवलं, माझं लग्न करून दिलं. माझं माहेर म्हणजे तो एकटाच. पटासाठी तो आला की माझ्याकडेच उतरायचा, तसा त्या वर्षीही उतरला होता.

पटाच्या दोन दिवस आधी शेठचा थोरला मुलगा आमच्या घरी आला. आला, आणि चक्क घोंगडीवर बसला. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. गरज असल्याशिवाय शेठ माणूस आमच्या घोंगडीवर बसत नाही. चहा घेतला, चहाची तारीफ केली. चहा पाणचट झाला होता, मला ठाऊक होतं. मग भावाच्या डोक्यावर नवा फेटा ठेवून म्हणाला, यंदा पटात फटफट्यांचीही शर्यत लावतोय, आमची गाडी तुम्हीच धरा, तुमच्यासारखा धरणारा पंचक्रोशीत नाही. भाऊ फुलून गेला. मी चुलीपुढून त्या थोरल्याला निरखत होते. इतकं गोड बोलणाऱ्याच्या पोटात काय आहे, ते मला काढायचं होतं.

तो गेल्यावर मी भावाला म्हटलं, बैलाला थोपवावं लागतं, कारण त्याला कळत नाही. फटफटीला तर ब्रेक असतो, तो रिसोडचा कंपाउंडर तर झाडाखाली ब्रेक दाबून आरामात उभा राहतो. मग हिला धरायला माणूस कशाला? भाऊ म्हणाला, पटाची रीत आहे. मी म्हटलं, रीत बैलांची आहे.

भाऊ हसला. जनावर काय आणि फटफटी काय, सुटायच्या आधी अंगात येतंच, असं त्याचं म्हणणं. बैलाचा कान हलला, पाठीवरचं कातडं थरथरलं की तो एका पायावर तयार व्हायचा. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आले होते.

"भाऊ, बैलाच्या डोयात पाहून तू बाजूले होतं," मी म्हटलं, "हिच्या कुठं पाहशीन?"

त्यावर तो चिडला. तुले तर साऱ्या दुनियेचाच संशय येते, म्हणाला, आणि पांघरूण ओढून झोपला. मला झोप कुठली. उतार, कोथिंबीर, बूट, नवा फेटा, सगळं माझ्या डोक्यात एकाच माळेत ओवलं जात होतं. पटाचं मैदान तर उतरतं. ब्रेक नसलेली गाडी तिथे रेघेमागे राहणारच नाही, पुढे घरंगळणार. ती रोखायला माझा भाऊ हवा होता त्यांना, खुंटीसारखा!

पण बाईमाणसाचं ऐकतो कोण. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, शेठची गाडी आहे, मोडकी कशी असेल?

पटाच्या दिवशी बैलांच्या जोड्या सुटल्या, धुरळा बसला, आणि फटफट्या आणल्या. आम्ही बाया एका बाजूला बाभळीखाली बसलो होतो. कंपाउंडरने गाडी रेघेवर आणली, ब्रेक दाबला, एक पाय टेकवून उभा राहिला. त्याच्यापुढे कुणी नाही. धाकट्याची गाडी मात्र दोघांनी मागून ओढून धरत आणली आणि माझा भाऊ पुढे झाला. नवा फेटा बांधलेला. पुढचं चाक त्याने दोन्ही गुडघ्यांत घेतलं, दोन्ही मुठी घट्ट धरल्या. धाकट्याने लाथ मारून इंजिन चालू केलं. धूर भावाच्या तोंडापर्यंत आला. भाऊ सवयीने समोर बघत होता, कान शोधत असावा बिचारा. झेंडीवाल्याने हात वर केला.

मी कधी उठले ते मला आठवत नाही. मागून कुणीतरी माझा पदर ओढला, तो सोडवून घेतला आणि सरळ मैदानात गेले. बाया हाय हाय करत होत्या. भावाने पाहिलं, त्याचं तोंड लाल झालं. मी त्याच्याकडे गेलेच नाही. शेठचा थोरला रेघेच्या टोकाला काठी घेऊन उभा होता, त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"शेठजी," मी म्हटलं, "धरायची रीत हाये ना? मंग गाडी तुमची, भाऊ तुमचा. तुमी धरा. माहा भाऊ झेंडी दाखवीन."

लोक खो खो हसले. मला वाटलं होतं, आता हा भडकेल, नाहीतर काहीतरी सबब सांगेल. तसं झालं असतं तर माझा हिशेब बरोबर होता. पण थोरला कसला भडकतो! तो हसला, अंगातला कोट काढून शेजारच्याकडे दिला, भावाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केलं आणि स्वतः चाकापुढे उभा राहिला. तसंच चाक गुडघ्यांत घेतलं. झेंडीवाल्याला म्हणाला, चालू द्या.

हा माणूस मनात काळं ठेवून असा उभा राहील होय? दोन दिवस मी ज्याला डोळ्यांत तेल घालून पाहत होते, तो तर साफ निघाला. भर पटात मी भावाची अब्रू घालवली होती. तेव्हाच मी हात जोडले. देवा, माझं चुकलेलं असू दे, हा शहाणा ठरू दे, मी वेडी ठरते.

झेंडी पुन्हा वर गेली. मग माझी नजर धाकट्याकडे गेली. त्याच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. तो थोरल्याकडे बघत होता, आणि त्याचे दोन्ही बूट जमिनीत रुतवून तो गाडी मागे रेटत होता. झेंडी पडायच्या आत त्याने हात घातला आणि इंजिन बंद केलं.

कंपाउंडरनेही आपली गाडी बंद केली.

"दादा, बाजूले हो," धाकटा म्हणाला. "ब्रेक नाई गाडीले."

थोरल्याला ते समजायला वेळ लागला. कधीपासून, असं त्याने विचारलं. धाकटा म्हणाला, घेतली तेव्हापासूनच. तुला सांगितलं असतं तर तू शर्यत लावली नसतीस, म्हणून पटाची रीत सांगून तुला धरणारा आणायला लावला. थोरला तिथेच मटकन खाली बसला. माझ्या घोंगडीवर बसलेला तो माणूस मला आठवला. त्याला खरंच चहा आवडला असेल, कोण जाणे.

पुढच्या वर्षी आणखी फटफट्या आल्या, तेव्हा पंचांनी नियम केला की ज्याची फटफटी त्याच्या घरचा माणूस पुढे उभा राहील. झालं, त्यानंतर कुणाच्याच फटफटीपुढे कुणी उभं राहिलं नाही. सगळ्यांचे ब्रेक दुरुस्त झाले. लोक अजून हे हसून सांगतात, आणि मलाही हसू येतं.

त्या दिवशी मात्र हसू आलं नाही. माझा संशय खरा ठरला होता आणि मी रडत होते, कारण मी भावाकडे बघत होते. त्याच्यावर मी रागावलेली नव्हते, तोही माझ्यावर रागावलेला नव्हता. तो त्या चाकाकडे बघत होता. थोड्या वेळापूर्वी ते त्याच्या गुडघ्यांत होतं, इंजिन धडधडत होतं, झेंडी वर गेली होती, आणि धाकट्याचा हात बंद करायला हलला नव्हता.

भाऊ धाकट्याजवळ गेला. मला वाटलं, आता कानाखाली काढतो. त्याने डोक्यावरचा फेटा उतरवला, नीट घडी केली आणि गाडीच्या बैठकीवर ठेवला. आवाज चढवला नाही. बैलाशी बोलतो तसं हळू बोलला.

"मालक, मी उभा होतो तवा काहून नाई बंद केली?"

धाकट्याने खाली आपल्या बुटांकडे बघितलं. भाऊ वळला, माझा हात धरला आणि आम्ही मळ्याकडे निघालो.